ठरलेली तारीख टळल्यावर : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली चार पत्रे वेगवेगळ्या कामांची असली तरी अडचण एकच सांगतात. ठरलेला टप्पा ठरलेल्या तारखेला गाठता आला नाही आणि पुढे काय करावे ते सुचत नाही. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटांच्या संघाने आंबा, कोकम आणि फणस प्रक्रियेचा लहान कारखाना उभारायला घेतला आहे. मागच्या मोठ्या भागावर पत्रे आणि पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे. दसऱ्याला पायाखोदाई झाली. दिवाळीनंतर जोते आणि जानेवारीअखेर छप्पर पूर्ण करण्याचे ठेकेदारांनी कबूल केले होते. आता फेब्रुवारीचा मध्य उलटला, तरी चिऱ्याच्या भिंती खिडक्यांच्या वरपर्यंतच आल्या आहेत. विचारले की ‘ताई, आठ-दहा दिवसांत होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळते. यंत्रे मार्चअखेर येणार आहेत, एप्रिलमध्ये आंबा सुरू होईल आणि मेपासून कर्जाचा हप्ता आहे. ठेकेदारांशी कसे बोलावे आणि संघाच्या सभेत काय सांगावे?
— संघाच्या सचिव, देवगड तालुका

उत्तर : ताई, सभेच्या तयारीला लागण्यापूर्वी अर्धा दिवस बांधकामावर घालवा आणि ठेकेदारांबरोबर त्यांच्या मुकादमालाही सोबत घ्या, कारण चिऱ्याचा एक थर किती वेळात चढतो हे त्याला नेमके ठाऊक असते. तेथे ‘किती काम झाले’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला ‘ऐंशी टक्के’ हे ठरलेले उत्तर मिळते आणि त्यावरून पुढची कोणतीच तारीख काढता येत नाही. काय उरले आहे ते विचारा आणि प्रत्येक उरलेल्या कामाबद्दल तेथेच लिहून घ्या की ते कोण करणार, त्याचे सामान आज कोठे आहे आणि त्याआधी दुसरे कोणते काम पुरे व्हावे लागते. वरच्या थरांचे चिरे बाकी असतील, तर ते आवारात रचलेले आहेत की अजून खाणीवर आहेत, हे स्वतः पाहा. छपराच्या लोखंडी कैच्या तयार होत आहेत असे सांगितले, तर वेल्डिंगच्या शेडमध्ये जाऊन किती जोडून झाल्या आणि कितींचे लोखंड अजून कापायचे आहे ते मोजा. ‘आठ-दहा दिवस’ हा आकडा अशा मोजणीतून आलेला नसतो. समोरच्या माणसाला दुखवू नये म्हणून तो तोंडी येतो, आणि आपणही तो मान्य करतो, कारण तो ऐकायला बरा वाटतो.

या फेरीत उशिराची कारणेही कळतील आणि त्यांतली काही आपल्याच बाजूची निघण्याची शक्यता आहे. जोत्याचे बिल संघाने किती दिवसांनी दिले, ते तपासा. लहान ठेकेदाराचे पैसे अडकले की तो गवंडी दुसऱ्या कामावर हलवतो आणि मग परत आणायला त्याला महिना लागतो. शिवाय शिमगा तोंडावर आहे. पालखी घरोघरी फिरते त्या दिवसांत गावातला माणूस कामावर येणार नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही धरू नये. पुढे आंबा उतरू लागला की बागेतली मजुरी बांधकामाच्या मजुरीशी स्पर्धा करते. हे सर्व दरवर्षी घडते, म्हणून नवे वेळापत्रक आखताना हे दिवस आधीच वजा करा.

उरलेल्या कामांची यादी हाती आली की त्यांतली कोणती कामे एकमेकांची वाट पाहतात ते शोधा. भिंत, मग कैच्या, मग पत्रे, मग फरशी, मग यंत्रांची जोडणी, मग चाचणी, अशी ही साखळी आहे. व्यवस्थापनाच्या भाषेत हिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात आणि ही रीत १९५०च्या दशकात रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी व देखभालीसाठी विकसित झाली. या साखळीतला एक दिवस वाया गेला की संपूर्ण कामाचा एक दिवस जातो. आवारभिंत, रंगकाम आणि फाटक आठवडाभर लांबले तरी शेवटची तारीख हलत नाही. म्हणून आवारभिंतीवर लागलेले दोन गवंडी आजच आतल्या भिंतीवर आणा. याउलट वीजभाराचा अर्ज आणि अन्नसुरक्षा परवान्याची कागदपत्रे छपराची वाट पाहत बसलेली असतील, तर ती अकारण थांबली आहेत. त्यांना भिंतीची गरज नसते. ती या आठवड्यात सुरू करा.

साखळीतली काही कामे माणसे वाढवून आटोपतात, काही आटोपत नाहीत, हेही ठेकेदारांसमोर स्पष्ट असू द्या. तुमच्या पुढच्या खोल्यांच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, साडेचार मीटरहून मोठा असेल, तर खालचे टेकू किमान १४ दिवस ठेवावेत आणि सहा मीटरहून लांब तुळयांखालचे २१ दिवस, असे काँक्रीटचे भारतीय मानक (आयएस ४५६) सांगते. सध्या सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला पाणी मारण्याचे दिवसही साध्या सिमेंटपेक्षा जास्त लागतात. चुकलेला वेळ भरून काढण्याच्या घाईत नेमके हेच दिवस कापले जातात. तेवढे होऊ देऊ नका.

आता मूळ मुद्दा. कोकणात उशीर सरळ रेषेत वाढत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू झाला की चिऱ्याच्या खाणी थांबतात, तांबड्या मातीच्या वाटेवर ट्रक रुततो आणि उघड्या भिंतीवर काम करता येत नाही. मेअखेर छप्पर चढले, तर फरशी, वायरिंग आणि यंत्रांची जोडणी पावसातही आतल्या आत चालू राहील. तेच छप्पर पंधरा दिवसांनी चुकले, तर काम दिवाळीपर्यंत गेले असे समजा. पंधरा दिवसांचा उशीर येथे चार-साडेचार महिन्यांचा होतो. म्हणून तुमच्या हातात आज दोन तारखा आहेत आणि त्या वेगळ्या धराव्या लागतील. उत्पादन सुरू करण्याची तारीख हलवता येते. छपराची तारीख हलवता येत नाही, आणि ती १५ मे धरा, म्हणजे वळवाच्या पावसाला दोन आठवडे हाती राहतील.

याचा अर्थ या वर्षीचा हापूस तुमच्या कारखान्यात जाणार नाही. हे सभेत सांगणे जड जाईल, पण ते आत्ताच सांगायला हवे, कारण फेब्रुवारीत सांगितले तर त्यावर उपाय करता येतो. आंब्याचा रस या वर्षी जवळच्या एखाद्या कॅनिंगवाल्याकडून मजुरीवर काढून घेता येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत ही पद्धत आहे. मात्र एप्रिल उजाडल्यावर त्यांच्याकडे जागा राहत नाही. यंत्रे पुरवणाऱ्याला आजच पत्र लिहा आणि जूनमधली तारीख मागा. छप्पर नसलेल्या आवारात ताडपत्रीखाली रस काढणारा स्टीलचा पल्पर आणि त्याची मोटर खाऱ्या हवेत दोन महिने पडून राहणे परवडणार नाही. बँकेतही हप्ता थकण्यापूर्वी जा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि मग शाखाधिकाऱ्याचे हात बांधले जातात. हप्त्याची सुरुवात पुढे ढकलण्याचा अर्ज बांधकामाच्या छायाचित्रांसह आणि नव्या वेळापत्रकासह मार्चमध्येच दिलात, तर त्याचा विचार होऊ शकतो.

मोठ्या कामांनीही हाच मार्ग धरला आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले आणि पाच वर्षांच्या आसपास ते पुरे करण्याचा संकल्प होता. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि गोव्यातल्या मार्गावरून वादही झाला. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. पण पेडण्याचा बोगदा अडला म्हणून रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा थांबला नाही. रोह्याहून दक्षिणेकडे एकेक टुकडा पुरा होत गेला, तसतशी त्यावर वाहतूक सुरू झाली आणि गोव्यातले काम चालू असतानाच सावंतवाडीपर्यंत रेल्वे पोचली. जे पुरे करता येते ते वापरात आणावे आणि जे अडले आहे त्याला स्वतंत्र तारीख द्यावी, एवढेच यातून तुमच्यासाठी घ्यायचे आहे.

ठेकेदारांशी बोलताना जानेवारीचा हिशेब उगाळू नका. तो करारानुसार पुढे करता येईल. आज त्यांच्याकडून दर आठवड्याला एक डोळ्यांना दिसणारा टप्पा कबूल करून घ्या. ‘भिंतीचे काम प्रगतिपथावर’ असे लिहू देऊ नका. ‘शनिवारी संध्याकाळी पश्चिमेची भिंत कैचीच्या उंचीपर्यंत’ असे लिहून घ्या. तो टप्पा गाठला की त्या टप्प्याचे पैसे सोमवारी द्या आणि हे न चुकता पाळा. पहिला टप्पा चुकला, तर त्याच संध्याकाळी बसा आणि महिनाअखेरची वाट पाहू नका.

प्रश्न : मी सावंतवाडीला घरी राहून पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करतो. माझ्या गटात मी धरून सात जण आहोत. सहा महिन्यांत साधारण सारख्या आकाराचे २४ भाग पुरे करायचे होते. तीन महिन्यांत १२ व्हायला हवे होते, ८ झाले. आम्ही एक महिना मागे आहोत असे मी कळवले. वरिष्ठ म्हणतात, ग्राहकाला इतक्यात सांगू नका, आणखी पाच माणसे देतो. मला हे पटत नाही, पण विरोध कसा करावा ते कळत नाही.
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आधी तुमचा आकडा दुरुस्त करू. चार भाग कमी पडले आणि महिन्याला चार भाग ठरले होते, म्हणून एक महिना, असा हिशेब तुम्ही केला. त्यात पुढचे काम ठरल्या वेगाने होईल हे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तीन महिन्यांत आठ भाग, हा तुमच्या गटाचा खरा वेग आहे. उरलेल्या १६ भागांना त्या वेगाने सहा महिने लागतील. म्हणजे सहा महिन्यांचे काम नऊ महिन्यांवर जाते आणि उशीर तीन महिन्यांचा आहे. सुरुवातीची शिकण्याची अडचण आता सरली आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर तिसऱ्या महिन्याचा वेग पहिल्या दोन महिन्यांपेक्षा किती वाढला ते दाखवा आणि तेवढीच सूट घ्या. वेग न वाढता फक्त उमेद वाढली असेल, तर सूट घेऊ नका. मनाची ही ओढ इतकी सार्वत्रिक आहे की डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तिची नोंद केली. पूर्वीची अशीच कामे लांबली होती हे माहीत असूनही माणूस या खेपेला ते वेळेत होईल असे धरून चालतो.

पाच माणसांबद्दल तुमची शंका योग्य आहे. आयबीएममध्ये एका मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलेला नियम असा, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी लांबते. कारण साधे आहे. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो आणि आपसात बोलण्याच्या जोड्या झपाट्याने वाढतात. सात जणांत २१ जोड्या होतात, तर बारा जणांत ६६. तरीही वरिष्ठांना सरसकट नकार देऊ नका. बाकीच्यांना फारसे न विचारता करता येईल असे काम, म्हणजे चाचणी, जुन्या नोंदींची तपासणी किंवा वापरकर्त्यांसाठीची माहितीपुस्तिका, वेगळे काढा आणि त्यासाठी दोघे मागून घ्या. ही मागणी अशी नेमकी असली की तिला नकाराचा वास येत नाही.

ग्राहकाला न कळवण्याच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही आणि हे स्पष्ट लिहितो. तीन महिने आधी कळलेल्या उशिरावर ग्राहक काही तरी करू शकतो. तो स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण पुढे नेऊ शकतो, जुनी व्यवस्था चालू ठेवू शकतो किंवा २४ पैकी कोणते १४ भाग आधी हवेत ते सांगू शकतो. तीन दिवस आधी कळलेल्या उशिरावर तो फक्त संतापू शकतो. वरिष्ठांकडे जाताना नुसती वाईट बातमी घेऊन जाऊ नका. कमी भागांसह मूळ तारीख, सर्व भागांसह नवी तारीख, आणि दोन हप्त्यांत सुपूर्त करण्याची मधली वाट, असे तीन पर्याय एका पानावर मांडा आणि निवड ग्राहकाने करावी असे सुचवा. तारीख एकच न देता ‘नऊ ते दहा महिने’ अशी सांगा. तुमच्या हातातल्या माहितीतून त्याहून अचूक काही निघत नाही.

आणखी एक. पहिल्या महिन्यात उशीर कोणी सांगितला होता का, आणि सांगितला असेल तर त्या मुलाला बैठकीत काय ऐकावे लागले, हे आठवून पाहा. ज्या गटात अडचण प्रथम सांगणाऱ्यावर प्रश्नांचा मारा होतो, तेथे पुढच्या वेळी सर्व जण शेवटच्या आठवड्यापर्यंत ‘सर्व ठीक’ असेच कळवतात.

प्रश्न : मी लहान ठेकेदार आहे. एका शासकीय इमारतीचे काम मेअखेर पुरे करायचे होते. जागेचा ताबा मला दीड महिना उशिरा मिळाला, मेमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि आता दंड लावण्याची भाषा सुरू आहे. माझी बाजू खरी असूनही माझ्याकडे फारसे कागद नाहीत.
— एक वाचक, मुरूड, रायगड जिल्हा

उत्तर : तुमची बाजू खरी आहे हे मी मान्य करतो, पण फाइल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती कागदावरच दिसणार. आजपासून सुरुवात करा. ताबा मिळाल्याची पावती किंवा त्या दिवशीचे पत्र शोधा. ते नसेल तर पहिल्या दिवशीची मोबाइलवरची छायाचित्रे, मजुरांचे हजेरीपुस्तक आणि पहिल्या खडी-वाळूच्या गाडीचे चलन यांवरून काम प्रत्यक्ष केव्हा सुरू झाले ते सिद्ध होते. पावसाचे दिवस स्वतःच्या आठवणीने लिहू नका. तुमच्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद जोडा.

पावसाच्या सबबीची मर्यादाही लक्षात घ्या. जूनमधला पाऊस कोकणात कोणालाही अनपेक्षित म्हणता येत नाही आणि तो वेळापत्रकात धरायला हवा होता असेच उत्तर मिळेल. मे २०२१ मधले तौक्ते किंवा ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ यांची गोष्ट वेगळी होती. तुमचा मेमधला पाऊस जूनचा नेहमीचा पाऊस आणि अशी वादळे यांच्या मध्ये कोठे तरी येतो, म्हणून त्यावर कमी आणि ताब्याच्या उशिरावर अधिक भर द्या. आणि त्याच दीड महिन्यात तुमचे सेंट्रिंगचे सामान दुसऱ्या कामावर अडकले होते असे निघाले, तर ताब्याचा मुद्दाही दुबळा होतो. ते आधीच तपासा.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार काम करून घेणारा मुदत वाढवू शकतो. म्हणून मुदतवाढीचा लेखी अर्ज मुदत संपण्यापूर्वी करायचा असतो. तो राहिला असेल तर आता एक दिवसही दवडू नका. कलम ५५ नुसार, उशिराने झालेले काम स्वीकारताना नुकसानभरपाई मागणार असल्याची सूचना त्याच वेळी दिली नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. तुम्हाला अशी सूचना मिळाली होती का ते पाहा. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४ नुसार त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देय असते. शासकीय करारातल्या अटी यापेक्षा बारीक असतात, म्हणून उत्तर पाठवण्यापूर्वी करार वकिलांना दाखवा.

प्रश्न : गावच्या नळपाणी योजनेच्या टाकीची तारीख तीनदा बदलली. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. लोकांना कोणती तारीख सांगू?
— ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका

उत्तर : पुढच्या आठवड्यात तारीख सांगू नका. उरलेल्या कामाची पाहणी करून अमुक दिवशी तारीख कळवतो असे सांगा आणि तो दिवस पाळा. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर इतक्या मुदती जाहीर झाल्या की कोकणातला माणूस आता तारखेपेक्षा डांबर आणि काँक्रीट पाहून अंदाज बांधतो. तुमच्या गावानेही मूळ तारीख धरून चार तारखा ऐकल्या आहेत. पाचवी तारीख एकदाच सांगावी आणि तिच्यात चुकीला भरपूर जागा असावी. टाकीजवळ फलक लावून त्यावर मूळ तारीख, बदललेल्या तारखा आणि प्रत्येक बदलाचे कारण लिहा. जुन्या तारखा पुसू नका. लोक चिडतील, पण प्रश्न विचारायला थेट तुमच्याकडे येतील.

सभेत त्याहून महत्त्वाचे असेल ते एप्रिल-मेचे पाणी. त्या महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि मुंबईचे चाकरमानी आल्यामुळे गावाची वस्तीही वाढते. टाकी तोवर होणार नाही असे धरून टँकरच्या मागणीचा ठराव याच सभेत मंजूर करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तो पंचायत समितीकडे पोचवा.